जमैकात 'मी' म्हणजे मीच

किंग्स्टनला पोचले त्या दुपारी गेस्ट हाऊसच्या काकू 'मी सून कम' म्हणाल्या आणि फाटकाबाहेर पडल्या, त्या आल्या तासाभराने. मी तोवर बॅग घेऊन व्हरांड्यात बसलेली, पण राग काही आला नाही, कारण आपल्याकडे पण कुणी दारातून 'आलोच हं' म्हणून गेलं तर आपण काय घड्याळ बघत बसतो का? सून कम म्हणजे आपलं 'आलोच', अगदी तेच. आणि त्यातला 'मी' म्हणजे पण मीच! त्यांचा इंग्रजीतून आलाय, आपल्याशी नातं काही नाही, पण परक्या देशात पहिल्याच दिवशी कोणी 'मी' म्हणून बोलायला लागलं की कसलं बरं वाटतं.

जायच्या आधी नेटवरून जमैकन स्लँगची यादी पाठ केली होती, वा ग्वान म्हणजे काय चाललंय, त्यावर मी डे या, म्हणजे आहे इथेच, वगैरे. फारसा उपयोग झाला नाही, कारण पाटवा, म्हणजे जमैकात लोक बोलतात ती भाषा, ही स्लँग नाहीचे मुळी. गुलाम करून पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या लोकांनी उसाच्या मळ्यांवर घडवलेली ती अख्खी भाषा आहे, शब्द बरेचसे इंग्रजी पण व्याकरण स्वतःचं. इंग्रजीत एकालाही यू आणि दहा जणांनाही यू, पाटवात मात्र एकाला यू आणि सगळ्यांना 'उनू', तो शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतला मानतात. जेवणं म्हणजे 'न्याम', पसारा म्हणजे 'चाका-चाका', हळूहळू थोडं थोडं करायचं तर 'लिकल लिकल'. असे जोडशब्द ऐकले की मराठी कान लगेच टवकारतात.

पण एकदा मी चुकले. पोर्ट अँटोनियोत शहाळंवाल्याला विचारलं, फ्रेंचमन्स कोव्ह नावाच्या किनाऱ्यावर चालत जाता येईल का, तो म्हणाला 'यू क्यान वॉक डे', मी थँक्यू म्हणून निघाले आणि भर उन्हात दीड तास चालत राहिले, शेवटी एका रूट टॅक्सीवाल्याने गाडी थांबवून आत बसवलं आणि समजावलं की 'क्यन' म्हणजे जमतं आणि 'क्यान', असा लांबवून, म्हणजे जमत नाही. म्हणजे शहाळंवाला मला नको जाऊ म्हणत होता! मन आणि मान यातला फरक आपल्याला लहानपणापासून कळतो, पण मी त्याचं बोलणं इंग्रजी समजून ऐकत होते ना. त्या दिवसापासून इंग्रजी शोधणं सोडलं आणि निम्मं बोलणं आपोआप कळायला लागलं. त्याच टॅक्सीत पुढे चौथा माणूस मागे चढला तेव्हा ड्रायव्हर ओरडला 'स्मॉल अप यूसेल्फ', ते मला कुणी सांगावं लागलं नाही, वडापमध्ये 'सरका सरका' ऐकतच मोठी झालेय.

खाण्याच्या बाबतीत जरा जपून. टी म्हणजे कुठलंही गरम पेय, त्यामुळे 'फिश टी' हे माशाचं सूप असतं. राईस अँड पीजमध्ये मटार नसतात, नारळाच्या दुधात भाताबरोबर शिजवलेला राजमा असतो. शाकाहारी असाल तर 'आयटल' विचारा, ते रास्ताफारी, म्हणजे तिथल्या एका पंथाच्या लोकांचं जेवण. आणि संध्याकाळी दुकानात शिरताना गुड नाईट म्हणा, तो तिथे निरोप नाही, नमस्कार आहे.

एक मनापासून विनंती, त्यांच्या बोलण्याची नक्कल करू नका आणि 'मोडकं इंग्रजी' तर चुकूनही म्हणू नका. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या पोरांना हेच ऐकवलं गेलंय. लुईझ बेनेट (१९१९-२००६), तिथे सगळे मिस लू म्हणतात, यांनी जन्मभर याच भाषेत कविता लिहिल्या आणि सादर केल्या तेव्हा कुठे लोक मान वर करून ती बोलायला लागले, आणि २०१२ मध्ये बायबलचा नवा करारसुद्धा पाटवात आला. गावाकडची बोली बोलली म्हणून शाळेत हसू झालेल्या कुणालाही हे वेगळं समजवायला नको.

निघायच्या दिवशी काकू फाटकापर्यंत आल्या, म्हणाल्या 'लिकल मोर', म्हणजे भेटू परत. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे निघताना जाते नाही म्हणत, येते म्हणतात. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, येते, येते. मग माझा हात धरून म्हणाल्या, 'वॉक गुड'.