तेरा गुणिले वीस

"कंडोम असतोच, शिवाय तो वेळेत बाहेरही काढतो. म्हणजे दिवस जाऊ नयेत म्हणून डबल उपाय झाला की!" एवढं बोलून मैत्रीण निघूनही गेली. तेव्हापासून त्या 'डबल'चा गुणाकार डोक्यात बसलाय.

गुणाकार सोपा आहे, आणि तोच तर त्रास आहे. फक्त कंडोम वापरणाऱ्या १०० जोडप्यांत, रोजच्या धांदलीसकट, वर्षभरात साधारण १३ जणींना दिवस जातात. फक्त बाहेर काढण्यावर, म्हणजे वीर्यपाताआधी लिंग बाहेर घेण्यावर, भिस्त ठेवणाऱ्या १०० जोडप्यांत साधारण २०. मग दोन्ही एकत्र धरले तर १३ चे २० टक्के, म्हणजे २.६. शंभरात तिघीसुद्धा नाहीत. इतका सुबक आकडा की कुणालाही निवांत झोप लागावी. मला लागत नाहीये.

हा गुणाकार खरा केव्हा? एक उपाय फसण्याचा दुसरा फसण्याशी काही संबंध नसेल तेव्हा. इथे तर तीच दोन माणसं, तीच रात्र, तीच घाई. कंडोम दर वेळी आणि नीट वापरला तर १०० पैकी २ जणींनाच दिवस जातात. तेराला आणि दोनला वेगळं करणारा जो फरक आहे, तो बहुतेक रबराचा नाहीच. त्या दिवशी घातलाच नाही, मध्येच घातला, मध्येच काढला, असा तो फरक. म्हणजे जिथे कंडोम फसला असं आपण मोजतो, तिथे बऱ्याचदा कंडोम हजरच नव्हता. उरलं फक्त बाहेर काढणं. आणि दारू किंवा उतावळेपणामुळे ज्याचा हात पाकिटाकडे गेला नाही, तो नेमका शेवटच्या क्षणी शुद्धीवर येईल, हे कोणी ठरवलं?

त्याहून जास्त टोचतंय ते वेगळंच. "बाहेर काढतोच आहे" हे एकदा मनात बसलं की "आज राहू दे" म्हणणं सोपं होतं. दुसरा उपाय पहिल्यात मिळवला जात नाही, तो पहिल्याला खातो. मग आकडा १३ वरून २.६ कडे जात नाही, २० कडे सरकतो.

गुणाकार बऱ्यापैकी लागू पडतो ती जागा अगदी छोटी आहे: कंडोम पहिल्यापासून घातलेला, तो फाटला किंवा निसटला, पण वीर्यपात व्हायच्या आधीच पुरुष बाहेर आलेला. त्यासाठी टोक चिमटीत धरून हवा काढायची, मुळापर्यंत उलगडायचा. लॅटेक्सला तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, वंगण पाण्याचं किंवा सिलिकॉनचं. बाहेर येताना कडा बोटांनी धरून ठेवायची, आणि वीर्यपात योनीच्या तोंडापासूनही लांब. "आता होणार" म्हणून कंडोम आधी काढून पुन्हा आत जायचं नाही. एकावर एक दोन कंडोम तर नकोच, घर्षणाने दोन्ही फाटायची शक्यता वाढते.

वीर्यपाताच्या आधी येणाऱ्या त्या चिकट पाण्याबद्दल दोन्ही बाजूंनी खात्रीने बोलणारे भेटतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात २७ पुरुषांपैकी ११ जणांच्या या स्रावात शुक्राणू सापडले, आणि त्यातल्या १० जणांचे हलतेही होते. म्हणजे सगळ्यांचं तसं नसतं, पण आपण कोणत्या गटात हे घरी कळायला मार्ग नाही. म्हणूनच दर वेळी अगदी चोख वेळेत बाहेर काढूनही वर्षाला १०० पैकी साधारण ४ जणींना दिवस जातात. लगेच दुसऱ्यांदा संबंध येणार असेल तर मध्ये लघवी करून, पुसून घ्यावं. आधीचे उरलेले शुक्राणू कमी होतात, पण ते शून्य होतील अशी हमी नाही.

सगळ्यात फसवी जोडी सुरक्षित काळाची. धोक्याचे दिवस मोजायचे आणि त्या दिवसांत बाहेर काढायचं. ऐकायला दोन उपाय. पण शुक्राणू आत ५ दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास. गर्भ राहू शकतो तो या सहाएक दिवसांतच. बाकीच्या दिवसांत बाहेर काढलं काय, न काढलं काय! आणि ज्या दिवसांत खरोखर फरक पडतो, तिथे फक्त बाहेर काढणं हाताशी आहे. दोन उपाय एका दिवशी कधी भेटतच नाहीत. इथे गुणाकार करणाऱ्यांचा मला रागसुद्धा येत नाही, थकवा येतो.

रोजच्या गर्भनिरोधक गोळीबरोबर मात्र हिशेब जरा बरा जमतो. गोळी बहुधा विसरण्यानेच फसते, विशेषतः नवं पाकीट उशिरा सुरू झालं की. दोन पाकिटांमधली सात दिवसांची सुट्टी नऊ दिवसांची झाली तर अंडाशय जागं होऊ लागतं आणि बाहेर काही कळत नाही. रोज बाहेर काढायची सवय असेल तर तो न दिसणारा दिवसही थोडा झाकला जातो. तरी मिश्र संप्रेरकांच्या (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेल्या) सलग दोन किंवा जास्त गोळ्या चुकल्या, तर शेवटची चुकलेली लगेच घ्यायची आणि सलग ७ गोळ्या होईपर्यंत कंडोम. त्या पाकिटात ७ गोळ्या उरल्या नसतील तर सुट्टी न घेता पुढचं पाकीट सुरू. "या सात दिवसांत नुसतं बाहेर काढलं तर?" नाही. कॉपर टी असेल तर मुळातच १०० मध्ये एकीपेक्षा कमी, बाहेर काढून मनाचं समाधान तेवढं.

आणि हे सगळं सांगायचं कुणाला? लोकांना आकडा हवा असतो, त्याच्या अटी नको असतात. मगाशी याचं फार वाईट वाटत होतं. आता वाटतं, अटी ऐकायला कोण बसणार, आणि तेही अशा वेळी! काहीच न वापरणाऱ्या १०० जोडप्यांत वर्षभरात ८५ जणींना दिवस जातात. त्यापुढे चुकीचा गुणाकार करत दोन्ही वापरणारं जोडपं हुशारच म्हणायचं. बाहेर काढण्याच्या भरवशावर कंडोम आणखी वगळला नाही तर त्यांचा आकडा २.६ आणि १३ च्या मध्येच कुठेतरी असणार. असू दे.

गुप्तरोग आणि एचआयव्हीपुढे बाहेर काढण्याचा भरवसा धरू नये, तिथे एकटा कंडोमच. आणि दोन्ही फसलंच तर लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ५ दिवसांच्या आत कॉपर टी बसवून घेतली तर त्याहून खात्रीचं. तातडीची गोळी बीज सुटणं पुढे ढकलते, म्हणून त्याच चक्रातले नंतरचे संबंध तिच्या भरवशावर सोडायचे नाहीत. पाळी आठवडाभर लांबली, किंवा त्या रात्रीला ३ आठवडे झाले, की लघवीची चाचणी.