घोंगडीची खोळ आणि काळा घोडेस्वार

सोलापूरच्या माणसाला सिनेमात आधी कापड दिसतं, मग हिरो. चादरीला नुसता हात लावून सूत कसलंय ते सांगणारी माणसं आजूबाजूला असल्यावर दुसरं काय होणार. तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा २००१ चा पहिला भाग भाच्यासोबत परत बघत होतो आणि माझं सगळं लक्ष हिरो फ्रोडोच्या मागावर असलेल्या त्या काळ्या घोडेस्वाराच्या झग्यावर.

सीन तसा साधाच आहे. जंगलातला रस्ता, फ्रोडो बघतो आणि तो रस्ता एकदम लांबच लांब ताणला जातो. ह्याला डॉली झूम म्हणतात, कॅमेरा एकीकडं सरकवायचा आणि झूम उलटा करायचा, जवळचं तेवढंच राहतं पण लांबचं सगळं ताणतं नाहीतर जवळ धावून येतं. दिग्दर्शक हिचकॉकनं १९५८ मध्ये 'व्हर्टिगो' सिनेमात उंचीची भीती दाखवायला हेच केलं होतं, इथं तर जमीन सपाट आहे तरी पोटात गोळा येतो.

मग फ्रोडो आणि त्याचे तीन दोस्त झाडाच्या मुळांखाली लपतात आणि कॅमेरापण त्यांच्यासोबत खाली जाऊन बसतो. आपल्याला दिसतं काय तर घोड्याचे खूर, मुळावर टेकलेला लोखंडी पंजा, आणि टोपाच्या आत नुसता अंधार, चेहरा नाहीच.

आता पावसात घोंगडीची खोळ घेतलेला धनगर लांबून अगदी असाच दिसतो की. त्याला कोण घाबरतं? आपण "काय पाव्हणं, पाऊस कसाय तिकडं" म्हणून पुढं जातो. म्हणजे नुसत्या कापडात भीती नाही, आपण कुठून बघतोय त्यावर आहे, असं मी भाच्याला सांगितलं तर गडी म्हणाला करून बघू. त्यानं घरातली चादर डोक्यावरनं घेतली, मी मोबाईल फरशीला टेकवून शूट केलं. "मामा, ह्यात तर मोर दिसतोय!" खरंय, मोराची चादर कितीही खालून घ्या, मोर तो मोरच. मग काळी घोंगडी काढली, त्याला म्हटलं हळू चाल, पळू नको, जड लोकर कशी लोंबत लोंबत येते बघ, आणि मोबाईल पलंगाखाली ठेवला. व्हिडिओ बघून ताई म्हणाली, डिलीट कर आधी ते.

२००२ च्या दुसऱ्या भागात हेच स्वार मोठाल्या उडत्या जनावरांवर बसून येतात. खर्च दिसतो, पंख दिसतात, सगळंच दिसतं, आणि मी आरामात शेंगा खात बसतो.