त्यांच्याशिवायचा पहिला सवाई

रविवार, २२ डिसेंबर २०२४. रात्रीचे बारा वाजून गेलेत.

पुण्यातल्याच मुकुंदनगरहून, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवातून म्हणजे आमच्या ‘सवाई’तून, येऊन अर्धा तास झाला, अजून स्वेटरसुद्धा काढलेला नाही. आज कोण काय गायलं ते उद्या सावकाश लिहीन. आत्ता लिहायचंय ते प्रभाताईंबद्दल, गायिका प्रभा अत्रे यांच्याबद्दल.

पंडितजींनंतर, म्हणजे भीमसेन जोशींनंतर, सवाईच्या समारोपाचं गाणं प्रभाताईंकडे आलं आणि शेवटच्या दिवसाला आमच्या घरात ‘प्रभाताईंचा दिवस’ हेच नाव पडलं. आमच्या म्हणजे माझ्या आणि वन्संच्या. बाकी कुणाला गाण्याचं वेड नाही. वन्सं माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. एरवी आमचं बोलणं सणावारापुरतं, तेही स्वयंपाकाचं. पण डिसेंबरात पाच दिवस आम्ही एकाच सतरंजीवर बसतो. त्यांचे गुडघे दुखतात, तरी भारतीय बैठकच हवी. खुर्चीवर बसलं की आपण पाहुणे होतो, असं त्यांचं म्हणणं.

लग्न होऊन आले तेव्हा प्रभाताईंचं नाव मला माहीत नव्हतं. दुपारी वन्सं टेपवर त्यांचे मारूबिहाग आणि कलावती हे राग लावायच्या, मी गहू निवडत ऐकायचे. कलावतीत रिषभ आणि मध्यम, म्हणजे रे आणि म, हे स्वर नाहीत हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण त्या गाण्यात मोकळी जागा फार आहे, उन्हं आलेल्या अंगणासारखी, एवढं कळत होतं. त्यातली द्रुत बंदिश, जलद लयीतली रचना, प्रभाताईंनी स्वतःच बांधलेली आहे हे नंतर समजलं. १९९४ मध्ये वन्संनी मला पहिल्यांदा रमणबागेत सवाईला नेलं. तेव्हा गाणं रात्रभर चालायचं. तीनच्या सुमाराला मी बसल्या बसल्या पेंगले, जाग आली तर अंगावर वन्संची शाल होती. पहाटे पंडितजी बसले. त्या पहाटेनंतर मी एकही वर्ष चुकवलं नाही, मुलीच्या वेळचं बाळंतपण सोडून. पुढे ध्वनिक्षेपकाचे नियम आले, रात्री आखडल्या, मग मांडवही मुकुंदनगरला गेला. त्या रात्रींची हळहळ मला अजून वाटते.

प्रभाताईंना मात्र मी सवाईशिवायही शोधून शोधून ऐकलंय. सगळ्यात जवळून ऐकलं ते कोथरूडच्या एका लहानशा सभागृहात, दुसऱ्या रांगेतून. रेशमी साडीचा पदर सारखा करून त्यांनी स्वरमंडळ हे तंतुवाद्य मांडीवर घेतलं आणि एक तार लावण्यात बराच वेळ घालवला. लोकांची चुळबुळ सुरू झाली तरी त्यांना घाई नव्हती. तार मनासारखी लागल्यावर त्यांनी तबलजींकडे पाहिलं आणि किंचित हसल्या. मग मारूबिहाग. तीव्र मध्यमावर थांबल्या, थांबूनच राहिल्या. आता गंधारावर, म्हणजे ग वर, येतील असं वाटलं की पुन्हा मध्यमालाच हळूच स्पर्श करायच्या. अखेर गंधारावर उतरल्या तेव्हा आपण श्वास धरून बसलो होतो हे माझ्या लक्षात आलं. टेपवर हेच सगळं शंभरदा ऐकलं होतं. पण टेपवर गंधार येणार हे ठाऊक असतं, समोर बसलं की तो त्या क्षणी त्यांच्यावर अवलंबून असतो.

आणि त्यांची सरगम, म्हणजे सा-रे-ग ही स्वरांची नावंच घेऊन गाणं! अब्दुल करीम खाँसाहेबांपासून किराणा घराण्यात सरगम आहे. सुरेशबाबू माने आणि हिराबाईंकडे शिकलेल्या प्रभाताईंनी तिच्यावर डॉक्टरेट केली. विज्ञान आणि कायदा शिकलेली बाई, विचार केल्याशिवाय काही स्वीकारणारी नव्हे. ‘सरगम म्हणजे पाढे म्हणणं’ असं म्हणणारे मला भेटलेत. त्यांनी प्रभाताईंना समोर बसून ऐकलेलं नसणार. त्यांच्या तोंडी ग, प, ध ही नुसती अक्षरं राहायचीच नाहीत. एकच ‘प’ एकदा विचारल्यासारखा यायचा, एकदा समजूत घातल्यासारखा.

नव्वदीच्या आसपास आवाज थकला होता, ते मी नाकारणार नाही. ताना कमी झाल्या, दोन स्वरांमध्ये श्वास ऐकू यायचा. एका वर्षी मागून कुणीतरी म्हणालं, “आता कशाला गातात या?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळणार तोच वन्संनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “गाणं चाललंय. ऐक.” त्या माणसाला मी काही बोलले नाही. इथे बोलते. मी त्या श्वासासाठीच जात होते. इतकी वर्षं गाऊन झाल्यावर आता काय गायचं आणि काय सोडायचं, हे त्या आमच्यादेखत ठरवत होत्या. तारुण्यात जिथे दहा जागा, म्हणजे स्वरांची नाजूक वळणं, घेतल्या असत्या तिथे एकच घ्यायच्या, आणि ती नेमकी असायची. षड्जावर, म्हणजे सा वर, आल्या की अख्खा मांडव शांत व्हायचा.

यंदा १३ जानेवारीला शनिवार होता, दुसरा शनिवार, म्हणून मी घरी होते. सकाळी वन्संचा फोन आला. “अगं, प्रभाताई गेल्या,” म्हणाल्या. मग आम्ही दोघी काही न बोलता फोन धरून उभ्या होतो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “आज मुंबईला गाणं होतं म्हणे त्यांचं.” एक्याण्णव वर्षांची बाई त्या दिवशी गायला निघणार होती. फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून पोटभर रडले.

आज शेवटी नेहमीप्रमाणे सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका वाजली. गाणं चालू असताना डबा उघडायचा नाही हा वन्संचा नियम, आणि भैरवी झाली की वड्या खायच्या हाही त्यांचाच. दर वर्षी वड्या खाताना प्रभाताईंनी काय गायलं यावर आमचं बोलणं व्हायचं, कधी कडाक्याचं भांडणसुद्धा. आज वन्संनी झाकणावर दोन वड्या काढून माझ्यापुढे सरकवल्या. लोक चपला शोधत होते, स्टॉल आवरले जात होते. “ती कलावतीची टेप कुठाय?” मी विचारलं. “कपाटात. मशीन बंद पडलंय,” त्या म्हणाल्या, आणि मग मांडीवर बोटाने ठेका धरून अगदी हलक्या आवाजात कलावतीची सरगम म्हणू लागल्या. तीस वर्षांत मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. कामगार सतरंज्या गुंडाळत आमच्यापर्यंत आले तेव्हा आम्ही उठलो.