डीएस१३०२ ची बॅकअप चार्जिंग: विहिरीवरच्या नोंदयंत्राची प्रगती

शेतातल्या विहिरीवर लाईट कधी येते आणि कधी जाते याची नोंद ठेवणारं यंत्र पेटीत बसवून झालं आहे. त्यातलं ज्याच्यावर सगळं उभं आहे ते काम आता पुरं झालं: डीएस१३०२ या घड्याळाच्या चिपमागे सुपरकॅपॅसिटर (बॅटरीसारखी वीज साठवणारा मोठ्या क्षमतेचा कॅपॅसिटर) लावणं आणि तो चिपकडूनच चार्ज करून घेणं. डीएस१३०२ वापरणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि घड्याळ दोन्ही शेतीच्या फीडरवरच्या लाईटवर चालतात. लाईट गेली की नॅनो बंद. मग लाईट गेल्याची वेळ नोंदवायची कोणी? डीएस१३०२ मध्ये घड्याळाशिवाय ३१ बाइटची रॅम आहे आणि ती बॅकअपवर जिवंत राहते. नॅनो दर मिनिटाला चालू वेळ तिथे लिहितो. लाईट परत आली की रॅममधली वेळ म्हणजे गेल्याची वेळ आणि घड्याळातली वेळ म्हणजे आल्याची. हेच नॅनोच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) केलं असतं तर एक लाख लेखनांची हमी मिनिटाला एक या हिशेबाने सत्तर दिवसांत संपली असती. रॅमला ती मर्यादा नाही. पण बॅकअप गेला की वेळही गेली आणि नोंदही.

सीआर२०३२ हा चार्ज न होणारा सेल लावून हे सहज झालं असतं आणि वर्षानुवर्षं चाललंही असतं. तरी पत्र्याच्या खोलीतल्या बंद पेटीत सेल आणि त्याचा होल्डर नको वाटला. पावसाळ्यातल्या दमट हवेत होल्डरच्या पत्तीवर माझा भरवसा नाही. शिवाय इथे लाईट रोज काही तास येतेच, म्हणजे भरायला वेळ भरपूर. म्हणून मॉड्यूलवरचा (चिपच्या तयार बोर्डवरचा) होल्डर काढून व्हीसीसी१ या बॅकअपच्या पिनवर ०.४७ फॅरड, ५.५ व्होल्टचा नाण्यासारखा सुपरकॅपॅसिटर सोल्डर केला.

आता मुख्य मुद्दा. या चिपच्या पोटात व्हीसीसी२ या मुख्य पुरवठ्याच्या पिनकडून व्हीसीसी१ कडे जाणारी चार्जिंगची वाट आहे: एक स्विच, मग एक किंवा दोन डायोड, मग २, ४ किंवा ८ किलोओहमचा रेझिस्टर. हे सगळं एका रजिस्टरने (चिपमधल्या सेटिंगच्या एका बाइटने) ठरतं. लिहायचा पत्ता हेक्स (सोळाच्या पायाच्या अंकांत) ९०, वाचायचा ९१. वरच्या चार बिटांत १०१० हाच नमुना असला तरच चार्जिंग चालू होते, बाकी काहीही असलं तरी बंद. चुकून भलतीच किंमत लिहिली गेली तर सेलमध्ये करंट जाऊ नये म्हणून ही सोय आहे आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. त्यानंतरचे दोन बिट डायोडचे, शेवटचे दोन रेझिस्टरचे. एक डायोड आणि २ किलोओहम हवं असेल तर हेक्स ए५, दोन डायोड आणि ८ किलोओहमसाठी एबी. चिपला पहिल्यांदा वीज मिळते तेव्हा तिथे ५सी असतं, म्हणजे चार्जिंग बंद.

मी ए५ घेतलं. ५ व्होल्टमधून डायोडचे ०.७ वजा केले की ४.३ उरतात. रिकाम्या कॅपॅसिटरमध्ये सुरुवातीला जाणारा करंट ४.३ भागिले २ किलोओहम, म्हणजे सव्वादोन मिलिअँपिअरच्या आत. पुरवठ्याला ते जाणवतही नाही. २ किलोओहम गुणिले ०.४७ फॅरड म्हणजे ९४० सेकंद, साधारण सोळा मिनिटं. तेवढ्या वेळात दोन तृतीयांशाच्या जवळपास भरतो आणि तासाभरात जवळजवळ पूर्ण. ८ किलोओहम घेतला असता तर हेच चौपट लांबलं असतं. लाईट कधीकधी अर्धा तास येऊन जाते, म्हणून २ किलोओहमच बरा.

इथे एक गोष्ट पाहून घ्या. नॅनोला यूएसबीतून वीज दिली तर वाटेत शॉट्की डायोड असतो आणि ५ व्होल्टच्या पिनवर ४.७ च्या आसपासच मिळतात. कॅपॅसिटर तितकाच कमी भरतो. मी पुरवठा थेट ५ व्होल्टच्या पिनवर दिला आहे.

किंमत एकदा लिहून टेस्ट केली, चालली, आणि ती ओळ कोडमधून काढून टाकली, असं कृपया करू नका. लाईट बरेच दिवस गेली आणि कॅपॅसिटर पूर्ण उतरला की चिपचं रजिस्टर परत ५सी वर येतं. मग लाईट आली तरी कॅपॅसिटर भरत नाही आणि पुढच्या प्रत्येक वेळी घड्याळ कोरंच उठतं. म्हणून दर वेळी सुरू होताना आधी हेक्स ८ई वर शून्य लिहून लेखनबंदीचा बिट काढायचा, मग ९० वर ए५ लिहायचं, मग ९१ वाचून खात्री करायची. लेखनबंदीचा बिट सुरुवातीला कोणत्या अवस्थेत असेल याची डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक) हमी देत नाही, म्हणून तो न तपासता सरळ काढायचा.

वेळ खरी आहे की नाही हे ओळखायला सेकंदांच्या रजिस्टरमधल्या घड्याळ थांबवणाऱ्या बिटावर मी विसंबत नाही, कारण त्याचीही सुरुवातीची अवस्था ठरलेली नाही. रॅमच्या पहिल्या दोन बाइटमध्ये ठरावीक खूण लिहून ठेवतो. खूण जुळली तर वेळ विश्वासाची. नाही जुळली तर नोंदीत 'वेळ अज्ञात' असं जातं.

डेटा या चिपला सगळ्यात खालच्या बिटापासून द्यावा लागतो. ए५ चे बिट उलटसुलट दोन्हीकडून सारखेच येतात, त्यामुळे ते बरोबर वाचलं गेलं तरी डेटाच्या बिटांचा क्रम बरोबर आहे असं सिद्ध होत नाही. ती तपासणी रॅममध्ये दुसरी एखादी किंमत लिहून करा.

आता टिकण्याची गोष्ट. चिप २ व्होल्टपर्यंत चालते आणि त्या व्होल्टेजला ३०० नॅनोअँपिअरहून कमी घेते. तोच करंट धरला तर ४.३ पासून २ पर्यंत उतरायला कागदावर चाळीस दिवस लागायला हवेत. प्रत्यक्षात शनिवारी रात्री दहाला प्लग काढला, मंगळवारी संध्याकाळी सहाला व्हीसीसी१ वर ३.४ व्होल्ट मिळाले. हिशेब केला तर सरासरी १.७ मायक्रोअँपिअर जातात. चिपचा वाटा त्यात थोडा, बाकी बहुतेक कॅपॅसिटरची स्वतःची गळती. म्हणजे कमी करंट घेणारी महागडी चिप आणून इथे फारसा फरक पडणार नाही, चांगला कॅपॅसिटर शोधायला हवा. आहे त्यात आठवडाभर निघतो आणि माझ्या कामाला तो पुरे आहे. हे मोजताना मल्टिमीटर लावून ठेवू नका: १० मेगओहमचा मीटरसुद्धा ४ व्होल्टला ०.४ मायक्रोअँपिअर ओढतो, चिप २ व्होल्टला घेते त्यापेक्षा जास्त. क्षणभर टेकवा आणि काढा.

ज्यांच्या मॉड्यूलवर सीआर२०३२ आहे त्यांनी हे रजिस्टर बंदच ठेवावं. तो सेल चार्ज करायचा नसतो. फुगतो, गळतो, फुटूही शकतो. दुसऱ्याचा कोड उचलताना त्यात ए५ कुठे लिहिलं आहे का, हे आधी शोधा. एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलला ४.२ व्होल्टच्या वर न्यायचं नाही, म्हणून ५ व्होल्टवर एक डायोड चालणार नाही. दोन डायोड लावले तर सेल अर्धवट भरेल, पण सुरक्षित राहील.

पुढचं काम घड्याळाच्या मागे पडण्याचं. या क्रिस्टलला तापमानाची भरपाई नाही आणि २५ अंशांपासून जितकं दूर जाल तितकं ते मंदावतं. ४५ अंशांना दिवसाला सेकंदभराहून थोडं जास्त. पत्र्याखाली पेटीत दुपारी किती तापतं, हे मोजायला आता तापमानाचा सेन्सर आत घातला आहे. एप्रिल-मे महिन्यांचे आकडे हाती आले की कोडमध्ये सुधारणा घालीन आणि तो कोड इथे देईन.