वेलीची जाळी पुन्हा टेबलावर: दोष काटकोनाचा नव्हताच

वेलीच्या जाळीची चळत दीड वर्षाने स्क्रोल सॉवर (बारीक पात्याच्या, नक्षी कापायच्या करवत-यंत्रावर) चढली आणि पहिल्या सहा घरांतच अडली. उजळणीपुरतं: दिव्याच्या तीन बाजू एकत्र कापायला ३ मिमी बर्च प्लायचे तीन थर, २५० मिमी चौरस, मधे डबल टेप, एकूण १४६ घरं, म्हणजे वेलीमधल्या आरपार कापायच्या जागा. त्यातली ८२ तेव्हाच कापून झाली होती. उरलेल्या ६४ घरांची पातं ओवायची १.५ मिमीची भोकंही तेव्हाच ड्रिल स्टँडवर पाडून ठेवली होती, आणि आता सगळं त्यांनीच वाचवलं.

यंत्राची तयारी नेहमीचीच. टेबलावरचा गंज बारीक स्टील वूलने काढून मेण चोळलं. पातं पकडणाऱ्या स्क्रूंची टोकं झिजून गुळगुळीत झाली होती, म्हणून ती २२० च्या पॉलिश पेपरवर सपाट घासली. नव्या पात्याच्या दोन्ही टोकांवरचं तेलही त्याच कागदाने काढलं. निसटणाऱ्या पात्यांपैकी निम्मी तरी एवढ्यानेच निसटायची थांबतात. पाकिटात गंजलेली पाती सरळ फेकावीत. गंज दातांच्या मुळाशी बसतो आणि पातं नेमकं तिथेच तुटतं. आता पेगासचं मॉडिफाइड जॉमेट्री, नंबर ३ लावलंय. ९ मिमीच्या चळतीला माझ्या मते याहून चांगलं पातं नाही: वळणात हाताशी राहतं आणि खालची बाजू फारशी उसवत नाही.

आता मूळ दुखणं. उजव्या कडेची तीन आणि डाव्या कडेची तीन घरं कापली. वरून रेघ अगदी वर चिकटवलेल्या कागदी पॅटर्नवर, पण तळाच्या थरात घर ०.४ मिमी सरकलेलं. जिथे शेजारचं घर जुनं, सरळ कापलेलं आहे, तिथे १.२ मिमीची वेल तळाला जेमतेम ०.८ उरली.

पहिला संशय अर्थातच टेबलावर. गुण्या लावला, काटकोन बरोबर. तरी खात्रीसाठी जुनी चाचणी केली: जाड ठोकळ्यात १-२ मिमी खाच घ्यायची, ठोकळा फिरवून तीच खाच पात्याच्या मागच्या बाजूला आणायची. पातं खाचेत अलगद बसलं तर टेबल काटकोनात. बसलं. मग पात्याचा ताण वाढवून पाहिला, फरक शून्य.

उत्तर गळून पडलेल्या तुकड्यांनी दिलं. टेबल कललेलं असेल तर आतून कापलेला तुकडा पाचरीसारखा होतो, एकाच बाजूने बाहेर पडतो, आणि हे प्रत्येक घरात सारखंच दिसतं. ताण कमी असेल तर वळणांत कापाला मधे पोट येतं. इथे दोन्ही नव्हतं. तुकड्याच्या समोरासमोरच्या भिंती एकमेकींना समांतर, पण सगळा तुकडाच तिरका, पत्त्यांचा कॅट एका अंगाला सरकवावा तसा. त्यातही उजव्या कडेचे तुकडे तळाला उजवीकडे, डाव्या कडेचे डावीकडे. मधोमध जरासं कापून पाहिलं, तिथे काहीच सरकत नव्हतं.

म्हणजे वाकलंय लाकूड. चळत उलटी करून स्टीलची पट्टी आडवी ठेवली, मधे ३ मिमी फट. २५० मिमी रुंदीत ३ मिमी बाक म्हणजे कडेला साधारण पावणेतीन अंश कल, आणि ९ मिमी जाडीत तेवढ्या कलाने होतात ०.४३ मिमी. हिशेब तंतोतंत जुळला तेव्हा फार बरं वाटलं. कारणही साधं आहे. वरून पॅटर्नवर पॅकिंग टेप होती, तळ उघडा. उघडी बाजू सुकून आकसली, झाकलेली तशीच राहिली, आणि चळतीची कमान झाली. अर्धवट काम ठेवायचंच असेल तर दोन्ही बाजू झाका किंवा दोन्ही उघड्या ठेवा.

९ मिमीचा चिकटलेला गठ्ठा दाबून सरळ होत नाही. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो: चिकटलेली चळत एका थराच्या २७ पट ताठ, सुटे तीन थर मिळून फक्त तिप्पट. म्हणून थर वेगळे केले. जुनी डबल टेप ओढली तर प्लायचा वरचा पापुद्राच निघून येतो. हेअर ड्रायरने टेप कोमट करायची आणि मासेमारीचा नायलॉन दोरा थरांमधून करवतीसारखा मागेपुढे ओढायचा. कापलेल्या घरांजवळ अगदी हळू. उरलेला चिकटा टर्पेंटाइनने पुसला. मग प्रत्येक थराच्या खोलगट बाजूवर ओलसर फडकं फिरवलं, कागद घालून १८ मिमी एमडीएफच्या दोन तुकड्यांत ठेवलं आणि वर १० किलो वजन. कागद एकदा बदलला. ४८ तासांनी बाक अर्ध्या मिमीच्या आत.

पॅटर्न नवा छापायचा मोह आवरा. छपाईत १ टक्का फरक पडला तरी २५० मिमीवर अडीच मिमी होतात. जुन्याच कागदाच्या उचललेल्या कडा ग्लू स्टिकने बसवल्या.

थर पुन्हा जुळवताना ती जुनी भोकं कामाला आली. प्लाय सपाट होता तेव्हाची असल्याने ती तिन्ही थरांत खरी आहेत. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन भोकांत १.५ मिमी ड्रिल बिटचे दांडे घातले आणि चळत जागच्या जागी बसली. यावेळी मधे डबल टेप नाही. फक्त कडांना हॉट ग्लूचे ठिपके आणि वरून घट्ट मास्किंग टेप.

तळाचा थर टाकून दोनच ठेवायचे आणि नंबर १ चं बारीक पातं लावायचं ठरवलं होतं. पण तो खाली राहिला तर वरच्या दोन थरांचा तळ उसवत नाही, आणि शेवटी तिसरी जाळीही हातात येते, सहा ठिकाणी बारीक एवढंच. दिव्याची भिंतीकडची बाजू तिचीच करतो आणि आतून २ मिमी दुधी ॲक्रिलिक चिकटवतो. त्या सहा वेलींना आधार मिळेल. म्हणजे नंबर ३ पातंच कायम. हे लिहिताना वाटतंय की ॲक्रिलिक तिन्ही बाजूंना द्यावं, नाहीतर उजेड एकसारखा पडणार नाही. तसं केलं तर कोपऱ्यांच्या खांबांतल्या खाचा ३ ऐवजी ५ मिमी रुंद हव्यात, आणि खांब अजून कापलेले नाहीत हे बरंच झालं.

एक घर तेव्हा अर्ध्यावर सोडलेलं होतं. जुन्या कापाच्या टोकातून पुन्हा सुरुवात केली की तिथे पायरी उमटते. म्हणून टाकाऊ भागात नवं भोक पाडून उलट बाजूने कापत आलो आणि पानाच्या टोकावर जुन्या कापाला भेटलो. जोड दिसत नाही.

५८ घरं बाकी. आता मधून बाहेर, आणि पिन घातलेले दोन कोपरे सगळ्यात शेवटी.