मालवण, ठरलेल्या पैशात

तिकिटाचे आणि रूमचे पैसे आपण घरूनच भरलेले असतात, त्यामुळे ट्रिपचं बजेट तिथे सहसा कोसळत नाही. ते कोसळतं रिक्षात, दुपारच्या जेवणात आणि "आता एवढं आलोच आहोत तर" ह्या वाक्यात. आमच्याकडे हे वाक्य नवरा म्हणतो, पण मनात सगळ्यांच्याच असतं, आणि एकदा कोणी मोठ्याने म्हटलं की पुढच्या दहा मिनिटात हजार-बाराशे गेलेच समजा.

आम्ही डोंबिवलीकर. मी, नवरा आणि सासूबाई अशी आमची फिरायची टीम, मुलगा आता कॉलेजात गेल्यापासून आमच्याबरोबर येत नाही (त्याचे मित्र आणि त्यांची गोव्याची प्लॅनिंगं, तो विषय वेगळा). मालवणला आम्ही अधूनमधून जातोच. तिथलं खर्चाचं गणित मला आता बऱ्यापैकी पाठ झालंय, म्हणून म्हटलं लिहून टाकावं.

आधी गाडी की ट्रेन हा वाद. नवऱ्याला आपली गाडी काढायची हौस फार. एका बाजूचे पाचशेच्या आसपास किलोमीटर, आमची गाडी लिटरला पंधराच्या वर जात नाही, म्हणजे नुसतं पेट्रोलच साडेतीन हजाराच्या घरात, वाटेतले चहा-मिसळ-टोल वेगळे, आणि घाटातून गाडी चालवून तो पहिला दिवस झोपूनच काढतो ते आणखी वेगळं. तिघांचं स्लीपर ह्याच्या निम्म्याहून कमी पैशात होतं. तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते, आम्ही ठाण्याला चढतो आणि सकाळी मालवणसाठी कुडाळ स्टेशनला उतरतो, म्हणजे एका रात्रीच्या रूमचं भाडंही वाचलं. फक्त तारीख नीट बघा हं! शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारचं काढावं लागतं, कारण बारा वाजून गेलेले असतात. ह्या पाच मिनिटांपायी एक दिवस उशिरा फलाटावर आलेल्या फॅमिल्या बघितल्या आहेत, आणि त्यावर उपाय म्हणजे टीसीच्या मागे फिरणं नाहीतर तिथल्या तिथे प्रायव्हेट बस शोधणं, दोन्हीत बजेटचा बोऱ्या. रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं (1 नोव्हेंबर 2024 च्या आधी 120 दिवस होते), सकाळी 8 ला मोबाईल घेऊन बसायचं. तात्काळच्या भरवशावर कोकणात जाणं हा माझ्या मते जुगार आहे.

रेल्वेत सासूबाईंचं तिकीट पूर्ण. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच, त्याआधी बायकांना 58 नंतर निम्मं भाडं होतं. पण एकदा का कुडाळला उतरून एसटीत बसलात की चित्रच बदलतं.

एसटीत आम्हा तिघांचे तीन दर आहेत. सासूबाई 77 च्या, त्यांना फुकट, ऑगस्ट 2022 पासून 75 च्या पुढच्या सगळ्यांनाच आहे. मला अर्धं तिकीट, कारण मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना आहे. आणि नवरा पूर्ण पैसे भरतो आणि वर आमचे टोमणे ऐकतो. कंडक्टर "आजी, आधार दाखवा" म्हणतो, सासूबाई पर्सच्या आतल्या कप्प्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं कार्ड काढतात, ते बघून तो शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो आणि त्या ते तिकीट नवऱ्याच्या नाकासमोर धरतात. प्रत्येक वेळी. जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं तेव्हाही वाढीचा आकडा ऐकून त्या म्हणाल्या, "शून्याचे चौदा टक्के किती गं?" सावंतवाडीहून पुढे पणजीला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचं भाडं पूर्ण पडतं.

आता खरी गोम. कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावापासून लांब. कुडाळ स्टेशनवर उतरलं की बाहेर रिक्षावाले उभेच असतात, रात्रभराच्या प्रवासाने अंग आंबलेलं असतं, बरोबर म्हातारं माणूस असतं, सामान असतं, आणि मालवण तीसेक किलोमीटर. त्या क्षणी तो सांगेल तो आकडा आपल्याला बरोबर वाटतो. त्याला नावं नाही ठेवणार मी, त्याला परत रिकामं यावं लागतं हेही खरं आहे. पण आम्ही काय करतो, स्टेशनवरच तोंड धुवून, चहा घेऊन अर्धा तास बसतो, गर्दी पांगली की कुडाळ स्टँडपर्यंतच रिक्षा करतो आणि तिथून लाल गाडी पकडतो. मालवणात उतरल्यावर चौकशी खिडकीत विचारून तारकर्ली-देवबागकडच्या गाड्यांच्या वेळा, विशेषतः शेवटच्या गाडीची, मोबाईलवर फोटो काढून घेते. संध्याकाळची शेवटची गाडी चुकली की रिक्षा, आणि रात्रीची रिक्षा म्हणजे एका माणसाच्या सुरमई थाळीचे पैसे.

रूमचं म्हणाल तर 25 डिसेंबर ते 1 जानेवारी आणि मे महिना सोडून कधीही जा. तीच खोली, तोच पंखा, तीच गादी, आणि नाताळात भाडं दुपटीच्या पुढे. जानेवारीच्या मधल्या आठवड्यातला सोमवार ते गुरुवार आमचा लाडका. फेब्रुवारीच्या आसपास जाणार असाल तर आंगणेवाडीची जत्रा कधी आहे ते आधी विचारा, कारण भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि ती जाहीर झाली की मुंबईहून येणाऱ्या गाड्या आणि मालवणातल्या खोल्या दोन्ही भरतात. जत्रेलाच जायचं असेल तर मजाच आहे, पण तुम्ही शांतपणे समुद्र बघायला गेलात आणि नेमके त्याच दिवसात पोचलात तर खिशाला भोक पडणार. फोनवर बुकिंग करताना भाडं माणशी की खोलीचं, सकाळचा चहा-नाश्ता त्यात की वेगळा, एसी चालू केला तर जास्त लावणार का, हे तीन प्रश्न विचारायचेच. एका घरगुती ठिकाणी आम्हाला निघताना गरम पाण्याचे बादलीमागे पैसे लावले होते, तेव्हापासून हा चौथाही प्रश्न विचारते.

आणि मग येतं जेवण. मालवणात जाऊन जेवणावर कंजूषी करायची असेल तर घरीच बसा, हे माझं स्पष्ट मत. पण जेवणात पैसे कुठे जातात ते कळलं पाहिजे. मेनूकार्डावर बांगडा थाळी, सौंदाळे थाळी, कोलंबी थाळी, सगळ्यांपुढे किंमत छापलेली असते, आणि पापलेट, सुरमई, लॉबस्टर वगैरेंच्या पुढे कधीकधी नुसतं लिहिलेलं असतं "अॅज पर साइज". इथे थांबायचं. वेटरला सांगायचं, मासा आणून दाखव आणि ह्याचे किती ते आत्ता सांग. तो ट्रेमध्ये तीन-चार पापलेटं आणतो, सगळ्यात मोठं वर ठेवलेलं असतं, आणि आपण तळहाताएवढ्या एखाद्यावर बोट ठेवून भाव विचारला की तो आत जाऊन मालकाला विचारून येतो. ह्यात लाज कसली? बाजारात कोळणीकडून घेताना विचारतोच की. दुसरं म्हणजे थाळीत तुकडा एकच असतो, एक्स्ट्रा तुकड्याचे पैसे थाळीच्या निम्म्याला जाऊन भिडतात, त्यामुळे दोन सुरमई थाळ्या आणि वर दोन तुकडे घेण्यापेक्षा एक सुरमई, एक बांगडा, एक तिसऱ्यांची (शिंपल्यांची) असं वेगवेगळं मागवून मधे ठेवायचं. पैसे कमी आणि खाणं जास्त. खरं सांगू, ताजा बांगडा तव्यावरून थेट ताटात आला तर मी सुरमईकडे बघतही नाही, पण हे नवऱ्याला पटत नाही. आणि जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, 1 जून ते 31 जुलै, तेव्हा ताज्या माशाच्या आशेने जाऊन चढे भाव देण्यात काही अर्थ नाही, तेव्हा घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार खा, त्याला तोड नाही.

बजेट प्रत्यक्षात पाळायचं कसं, तर मी रोजची पाकिटं करते. खरीखुरी कागदी, लग्नात आलेली आहेराची पाकिटं घरात पडलेली असतात ती. प्रत्येकावर वार लिहायचा, आत दोन हजार, त्यात त्या दिवसाचं खाणं आणि इकडेतिकडे फिरणं. उरले तर उद्याच्यात टाकायचे, संपले तर रात्री पेज आणि लोणचं. नवऱ्याला रोख वागवायला आवडत नाही, तो सगळीकडे स्कॅन करत सुटतो, वीस रुपये इथे, ऐंशी तिथे, रात्री विचारलं तर म्हणतो काहीच खर्च नाही झाला. त्याच्यावर उपाय असा काढला की त्याच्या फोनवर यूपीआय लाईट (आधी पैसे भरून ठेवायचं फोनमधलं छोटं पाकीट) चालू केलं. त्यात जास्तीत जास्त 5000 राहतात, आम्ही सकाळी पाचशे भरतो आणि दिवसभर त्यातूनच. बॅलन्स संपला की त्यालाच कळतं, मला बोलावं लागत नाही. देवबागच्या टोकाला नेटवर्क रुसतं, तेव्हा पाकीट लागतंच.

ह्या रोजच्या पाकिटांशिवाय एक वेगळं पाकीट असतं आणि त्यावर मी लिहिते "आलोच आहोत तर". हो, खरंच लिहिते. कारण तो मोह होणारच, मग त्याची सोय आधीच केलेली बरी. ह्या पाकिटात प्रत्येकाचा वाटा सारखा आणि कोणी कशावर उडवावा ह्यावर बाकीच्यांनी बोलायचं नाही. नवऱ्याने गेल्या वेळी देवबागला बोटीतून त्सुनामी आयलंडला जाऊन त्या बनाना राइडवर उडवले आणि पाण्यात पडून चष्मा घालवला (चष्म्याचे पैसे कुठल्या पाकिटातून, ह्यावर अजून निकाल लागलेला नाही). मी सगळे काजूवर घालते. सासूबाई त्यांचा वाटा पूर्ण वाचवून घरी आणतात आणि नातवाला देतात, जो ट्रिपला आलेलाच नसतो.

काजूवरून आठवलं. बाजारपेठेत काजू घेताना नंबर विचारा. 180 नंबर म्हणजे सगळ्यात टपोरा, मग 240, मग 320, नंबर जितका मोठा तितका काजू लहान आणि स्वस्त. भाजीत, शिऱ्यात, चटणीत घालायला पाकळी किंवा तुकडा घ्या, चव तीच आणि भावात चांगलाच फरक. 180 नंबर पाहुण्यांपुढे ठेवायला शंभर ग्रॅम पुरे. कोकमाचं आगळ (खारवलेला घट्ट रस) आणि सरबत ह्यात गल्लत करू नका, सोलकढीला आगळ लागतं, आणि बाटली घट्ट बंद करून चपलांच्या पिशवीत उभी ठेवा, कपड्यांच्या नको.

फुकटात किंवा जवळपास फुकटात होणाऱ्या गोष्टी तिथे भरपूर आहेत, त्यासाठी पॅकेज लागत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला मुख्य खर्च नावेच्या भाड्याचा, आणि अख्खी सकाळ जाते. 1664 मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर ह्याचं काम सुरू केलं, चारही बाजूंनी खारं पाणी आणि आत दूध बाव, साखर बाव, दही बाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, शिवराजेश्वराचं देऊळ, सगळं चालत बघायचं. नाववाला परत यायची वेळ सांगतो, ती त्याला आधीच थोडी वाढवून मागा, सासूबाईंसारखं कोणी बरोबर असेल तर तो ऐकतो. पावसाळ्यात नावा बंद असतात. संध्याकाळी चिवला बीचवर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना दिसली तर बघत उभं राहा, तासभर कसा जातो कळत नाही. रापणीतून निघालेला मासा तिथेच वाट्याने विकत मिळाला आणि तुमच्या घरमालकीण बाई करून देणार असतील तर हॉटेलच्या निम्म्या पैशात जेवण होतं, मसाल्याचे आणि करणावळीचे पैसे मात्र आधी बोलून घ्या.

मित्रमंडळींबरोबर जाणार असाल तर ह्यातलं निम्मं लागू होत नाही. तिथे सगळा घोळ कॉन्ट्रीचा, म्हणजे खर्च वाटून घ्यायचा. गटात दोन शाकाहारी, एक न पिणारा, एकाला रोज सुरमईच हवी, आणि शेवटी सगळ्यांनी समान भागायचं, मग वरणभात खाल्लेल्या माणसाने लॉबस्टरचे पैसे का भरावेत? आमच्या ग्रुपमध्ये आता प्रवास आणि खोली समान, खाणंपिणं टीटीएमएम (तू तुझं मी माझं), असं ठरलंय. पहिल्या दिवशी थोडं ओशाळं वाटतं, पण शेवटच्या दिवशी कोणी कोणाशी अबोला धरत नाही.

काटकसर कुठे करायची नाही तेही सांगते. स्टँडवर जांभळं, करवंदं, पालेभाजी घेऊन बसलेल्या आज्जीबरोबर घासाघीस करून वाचलेल्या दहा रुपयांनी कुठलंही बजेट वाचत नाही. बरोबर पंचाहत्तरीचं माणूस असेल तर दुपारच्या उन्हात एसटीची वाट बघत बसू नका, रिक्षा करा, त्यासाठीच सकाळी पैसे वाचवलेले असतात. आणि खालचा बर्थ नाही मिळाला तर जास्त पैसे घालून थ्री एसीत खालचा मिळतो का बघा. सासूबाई अशा वेळी "मला चालेल गं वरचा" म्हणतात, त्यांचं अजिबात ऐकायचं नाही.

परतीच्या दिवसासाठीही पाकीट ठेवा, बहुतेक लोक हे विसरतात. चेकआऊट सकाळी, ट्रेन संध्याकाळी, मधला सगळा वेळ सामान घेऊन हॉटेलात बसून चहा-कॉफी-आईस्क्रीमवर जातो. खोलीवाल्यांना विचारलं तर ते सामान ठेवून घेतात, अंघोळीला एखादी रिकामी खोलीही देतात. ट्रेनमध्ये खायला त्यांच्याकडूनच घावणे आणि चटणी बांधून घ्यायची. आणि घरी पोचल्यावर दूध, भाजी, रिक्षा ह्याचे तीनशे त्यातच धरा, नाहीतर डोंबिवलीच्या रिक्षा स्टँडवर उभं राहून एकमेकांचे खिसे चाचपायची वेळ येते.