मालधक्का 1:87 : गंज, शेवाळ आणि पागोळ्यांची रेघ

मार्चमध्ये हाती घेतलेल्या मालधक्क्याच्या मॉडेलचे (माप 1:87, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाचे) बांधकाम गणपतीपूर्वी पूर्ण झाले आणि त्यानंतरचा सगळा वेळ ते जुने दिसावे या एकाच कामात गेला. हार्बर मार्गावरून जाता-येता रे रोड आणि कॉटन ग्रीनच्या आसपास जी जुनी गोदामे दिसतात, त्यांपैकी कोणत्याही एका गोदामाची ही हुबेहूब प्रतिकृती नाही. त्या पट्ट्यात शोभेल असे, काळ्या दगडाचे जोते आणि पन्हळी पत्र्याचे छप्पर असलेले, बंदराच्या रेल्वेची एक साईडिंग (माल चढवण्या-उतरवण्यासाठीचा बाजूचा रूळमार्ग) अगदी अंगाला लागून जाणारे गोदाम मला करायचे होते. मुंबई पोर्ट ट्रस्टची ही रेल्वे 1 जानेवारी 1915 रोजी सुरू झाली. मी काळ धरला आहे तो 1980 च्या आसपासचा, म्हणजे चारचाकी वाघिणींचा आणि पाठीवरून वाहिल्या जाणाऱ्या गोण्यांचा. महिना धरला आहे ऑक्टोबर, आणि हा निर्णय वर्षापेक्षाही महत्त्वाचा ठरला; त्याचे कारण पुढे येईल.

रुळांबद्दल थोडक्यात सांगतो. बाजारात मिळणारा एचओ मापाचा (म्हणजे 1:87 चा) रूळमार्ग 16.5 मिमी रुंदीचा असतो आणि तो 1435 मिमीच्या गेजसाठी, म्हणजे दोन रुळांमधल्या तेवढ्या अंतरासाठी आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिमी, म्हणजे 1:87 मध्ये 19.26 मिमी भरतो. गाडी चालवायची असती तर तडजोड करावी लागली असती, परंतु डायोरामात, म्हणजे नुसत्या मांडून ठेवायच्या देखाव्यात, काहीच धावणार नसल्याने मी रूळ हाताने टाकले. मीटरला 52 किलो वजनाच्या रुळाची उंची 156 मिमी असते. त्याला मॉडेलसाठी मिळणारा कोड 70 चा (0.070 इंच उंचीचा) रूळ जवळजवळ तंतोतंत जुळतो. लाकडी स्लीपर 2750 मिमी लांबीचे, म्हणून 31.6 मिमीच्या पट्ट्या कापल्या आणि तारेच्या ब्रशने त्यांच्यावर रेषा उमटवल्या. खडीसाठी काळ्या दगडाची कच आधी चहाच्या गाळणीतून आणि मग मैद्याच्या चाळणीतून काढली व मधल्या आकाराचे दाणे ठेवले. एवढ्या फरकाने रुळांची बसकी, रुंद ठेवण लगेच ओळखीची वाटू लागली. ज्यांचे काम केवळ मांडून ठेवण्यासाठी आहे त्यांनी हा त्रास जरूर घ्यावा.

खरा वेळ घेतला तो छपराने. पन्हळी पत्र्याच्या दोन उंचवट्यांमधले अंतर साधारण 76 मिमी, म्हणजे आपल्या मापात 0.87 मिमी असते. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या एम-5 मापाच्या आटे पाडलेल्या रॉडवर दोन आट्यांमधले अंतर 0.8 मिमी आहे आणि हा फरक डोळ्यांना कळत नाही. जेवणाच्या पार्सलचा ॲल्युमिनियमचा डबा सपाट करून, तो जाड रबरावर ठेवून त्यावरून हा रॉड दाबून एकदाच फिरवला की सुबक पन्हळी उमटतात. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. रॉडवरचे आटे तिरके असल्यामुळे उमटणाऱ्या रेषाही सुमारे तीन अंशांनी तिरक्या येतात, म्हणून पत्रे कापताना पट्टी डब्याच्या कडेला न लावता पन्हळीच्या रेषेला लावावी. पहिले चाळीस पत्रे मी कडेला पट्टी लावून कापले आणि छपरावर मांडताच सगळी रांग एका बाजूला कलल्यासारखी दिसू लागली. ते सर्व टाकून द्यावे लागले. आठ फुटी पत्रा 28 मिमी लांब आणि 8 मिमी रुंद कापला असून प्रत्येक पत्रा खालच्या पत्र्यावर पावणेदोन मिलिमीटर चढवला आहे. अखंड पत्रा लावून त्यावर सांध्यांच्या रेषा ओढणे सोपे आहे, पण मग गंज कोठे धरायचा याचे उत्तर छप्पर स्वतः देत नाही.

कारण जस्ताचा थर असलेला पत्रा सगळीकडे सारखा गंजत नाही. जस्त जेथे कापले किंवा भोसकले गेले आहे, म्हणजे पत्र्याच्या कडा आणि पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-बोल्टची छिद्रे, तेथून गंज सुरू होतो. एकावर एक चढलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी अडकून राहते, म्हणून सांध्यालगत आडवा तपकिरी पट्टा पडतो. बोल्टच्या रांगेतून खाली ओघळ येतात आणि ते नेहमी पन्हळीच्या खोलगट भागातून वाहतात, उंचवट्यावरून कधीच नाही. समुद्राजवळच्या इमारतींत आणखी एक गोष्ट दिसते, ती मला फार उशिरा उमगली. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा आपला पाऊस छपराच्या उघड्या भागावरचा खार धुऊन नेतो. पण वळचणीखाली, जेथे पावसाचे पाणी पोहोचत नाही आणि खारी हवा मात्र पोहोचते, तेथे तो खार साचत राहतो. त्यामुळे फलाटावर पुढे आलेल्या छज्ज्याची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा अधिक कुजलेली असते. मी दोन्ही बाजू त्या हिशेबाने रंगवल्या, आणि मॉडेल डोळ्याच्या पातळीवर धरले की सर्वांत आधी ही खालची बाजूच नजरेत भरते.

गंजासाठी मिठाची पद्धत वापरली. पत्र्यांना प्रायमर, त्यावर गडद तपकिरी, ठिकठिकाणी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग, मग पाण्याचा हलका फवारा देऊन जाडे आणि बारीक मीठ कडांवर व सांध्यांवर पेरायचे; ते सुकले की वरून जस्ताचा करडा रंग मारायचा आणि तो वाळल्यावर मीठ खरवडून काढायचे. पद्धत जुनी आणि भरवशाची आहे, फक्त ती जुलैमध्ये मुंबईत करू नये. रात्री पेरलेले मीठ सकाळपर्यंत वाळण्याऐवजी पाझरले होते, दाणे विरघळून त्यांची पांढरी वर्तुळे झाली होती आणि करडा रंग मारण्याजोगे काही उरले नव्हते. जस्तावर कधीकधी अशीच पांढरी भुकटी येते, त्यामुळे ती वर्तुळे तशीच ठेवण्याचा मोह झाला. परंतु वार्निशखाली राहिलेले मीठ पुढेही ओल ओढत राहील आणि रंग उचलेल, या विचाराने सगळे पत्रे कोमट पाण्याने धुतले आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या वेळी मीठ पेरलेले पत्रे झाकण लावलेल्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवले व ते एका दिवसात खडखडीत वाळले. मॅट वार्निशचा फवाराही मी ऑक्टोबरपर्यंत थांबवून ठेवला, कारण दमट हवेत त्यावर पांढरी धुरी धरते.

जोत्यासाठी 5 मिमीचा सनबोर्ड (फोमचा हलका तक्ता) घेऊन वरचा गुळगुळीत थर सोलला आणि दगड एकेक करून सुईने कोरले. काळा दगड प्रत्यक्षात काळा नसतो. ताजा असताना तो निळसर करडा असतो आणि जुना झाला की तपकिरीकडे झुकतो. त्यामुळे काळा रंग मी ब्रशला लागूच दिला नाही. दगडांमधल्या सांध्यांच्या दर्जा चुन्याच्या आहेत, म्हणून त्या पिवळट पांढऱ्या ठेवून काही ठिकाणी सिमेंटच्या करड्या रंगाने दुरुस्ती दाखवली. ऑक्टोबर महिना येथे कामी येतो. पावसाळ्यात हिरवेगार दिसणारे शेवाळ पाऊस थांबल्यावर उन्हात वाळून काळे पडते आणि भिंतीवर डाग होऊन राहते. फक्त उत्तरेकडच्या सावलीत आणि छपराच्या कडेला पाणी वाहून नेणारी पन्हळ जेथे फुटली आहे त्याखाली ते हिरवे राहते. दोन्ही अवस्था एकाच वेळी दिसतात त्या याच दिवसांत. रुळांच्या बाजूला मात्र पाण्याचा रंग नाही, लोखंडाचा आहे. बिडाच्या ब्रेक ब्लॉकची झिजलेली भुकटी खडीवर, स्लीपरवर आणि जोत्याच्या खालच्या भागावर बसते, म्हणून तेथे तांबूस खडूची पूड चाकांच्या उंचीपर्यंतच लावली आणि वर विरळ करत नेली.

एवढे झाल्यावर काम पूर्ण झाले असे मला वाटले होते. शेजारच्या इमारतीतील एक काका, ज्यांचे आयुष्य मस्जिद बंदरला माथाडी कामगार म्हणून गेले, ते दिवाळीच्या फराळाला आले असताना मॉडेलपुढे बराच वेळ बसले. गोण्यांच्या थप्प्या त्यांना पटल्या, कारण मी एक थर आडवा आणि एक उभा असा रचला होता. मग त्यांनी धक्क्याच्या कडेवर बोट ठेवले. "अरे, ही कड एवढी धारदार कशी राहील? वाघिणीत फळी टाकायची ती इथेच टेकवून. दिवसाला हजार गोण्या जातात तिच्यावरून. दगड झिजून गोल होतो, आणि तेल लावल्यासारखा चकाकतो." मी म्हणालो, "काका, दरवाजासमोरच ना?" तर ते म्हणाले, "दरवाजासमोरच. बाकीची कड तशीच राहते, तिकडे कोण जातो? आणि चौकटीला खांद्याच्या उंचीवर बघ, तिथेही घासलेलं असतं."

पावसाचा, खाराचा आणि लोखंडाच्या भुकटीचा मी एवढा विचार केला होता, पण ज्या माणसांसाठी तो धक्का बांधला त्यांच्या पाठीचा आणि पायांचा विचार माझ्याकडून राहून गेला होता, याची मला खंत वाटली. त्याच रात्री तिन्ही दरवाजांसमोरची कड बारीक कानशीने अर्धा मिलिमीटर उतरवली, त्या भागावर पुन्हा रंग दिला आणि सुकल्यावर पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने घासून चकाकी आणली. फलाटाची उंची 1065 मिमी, म्हणजे मॉडेलवर सव्वाबारा मिलिमीटर. त्यावर उभ्या असलेल्या 19 मिमीच्या माणसाचा खांदा चौकटीवर जेथे येतो तेथे लाकडाचा रंग उतरवून उघडे, काळपट लाकूड दाखवले. दोन माणसांच्या पाठीवर गोण्या आहेत आणि तिसरा माणूस गोण्या ओढायचा लोखंडी आकडा हातात धरून थप्पीजवळ उभा आहे.

आता मागची बाजू राहिली आहे. तेथे छपराला पन्हळ फक्त अर्ध्या लांबीपर्यंत आहे. उरलेल्या अर्ध्या भागात पाणी सरळ जमिनीवर पडते आणि पत्र्याच्या प्रत्येक खोलगट रेषेखाली मातीत एक खळगा पडतो. गोदामाची लांबी 24 मीटर, म्हणजे मॉडेलवर 276 मिमी असल्याने पागोळ्यांच्या या रेषेत सुमारे एकशे सत्तर खळगे येतात. ओलसर मातीत ते सुईच्या टोकाने, वर पत्र्याकडे पाहून एकेक करत पाडतो आहे, आणि पन्हळ जेथे तुटली आहे तेथे एक मोठा खड्डा करून त्यात हिरवे शेवाळ ठेवणार आहे. काल रात्रीपर्यंत एकशे दहा खळगे झाले.